शब्दाचं गोत्र विचारू नका

"फलाट क्रमांक तीनवर येणारी गाडी बदलापूरला जाणारी जलद लोकल आहे."

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या कुणालाही या वाक्यातला एकही शब्द अडत नाही. उल्हासनगरचा सिंधी दुकानदार, अंबरनाथच्या एमआयडीसीतला फिटर, बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेलं जोडपं, सगळ्यांना ते कळतं आणि कळताक्षणी सगळ्यांचे पाय हलतात.

आता याच वाक्यातल्या शब्दांची जात काढू. 'फलाट' म्हणजे इंग्रजी प्लॅटफॉर्म, मराठी तोंडात झिजून गोल झालेला. 'क्रमांक' संस्कृतातून घडवलेला. तो रुळवण्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. 'तीन' प्राकृतातून आलेला. 'गाडी'ही प्राकृतातली, तिचं संस्कृत मूळ धड सापडत नाही. 'जलद' फारसीतून आलेला. 'लोकल' इंग्रजी. आणि 'बदलापूर'? इथे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं गावात सांगतात. ते खरं मानलं तर अर्धं नाव अरबी 'बदल'चं आणि अर्धं संस्कृत 'पुर'चं.

मग या वाक्यात मराठी काय उरलं? 'तीनवर'मधला 'वर'. 'येणारी'. 'बदलापूरला'मधला 'ला'. 'जाणारी'. 'आहे'. म्हणजे नट-बोल्ट. पत्रे कुठूनही आलेले असोत, डबा ज्या नट-बोल्टांनी जोडलाय ते मराठी आहेत, म्हणून हे वाक्य मराठी आहे. पुरेपूर मराठी आहे.

मला एवढंच म्हणायचंय. बाकीचा लेख ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी भांडण्यासाठी आहे.

भांडण कुणाशी

तुम्ही ते रील पाहिलं असेल. गंभीर चेहरा, मागे ढोल, आणि स्क्रीनवर शब्दांची यादी. 'जमीन मराठी नाही! भूमी म्हणा. हवा मराठी नाही! वायू म्हणा. पगार मराठी नाही! वेतन म्हणा.' खाली हजारो लाइक आणि 'डोळे उघडले दादा' छापाच्या कमेंट. मग कुणीतरी ती यादी सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनकाकांच्या बोलण्यातले शब्द दुरुस्त करायला बी विंगमधला एक उत्साही मुलगा हजर होतो.

यादीतली माहिती बऱ्याचदा बरोबर असते. 'जमीन' फारसीच आहे, 'हवा' अरबी, 'पगार' पोर्तुगीज. चूक निष्कर्षात आहे. शब्द कुठून आला हे सांगितलं की तो कुणाचा आहे हे ठरलं, असं ही मंडळी धरून चालतात. लग्नाच्या बाजारात मुलाचं काम, स्वभाव, सवयी सोडून फक्त गोत्र विचारावं, तसला हा प्रकार आहे.

यात मराठीचं प्रेम नाही असं मी म्हणत नाही. प्रेम आहे, पण ते चुकीच्या जागी पहारा देतंय. पुढच्या दाराशी उभं राहून आल्यागेल्याची जात विचारणं चाललंय, आणि मागच्या दाराने घरातलं सामान चाललंय. ते सामान कोणतं, तेही सांगतो.

इंग्रजांनाही हीच खाज होती

शब्दांच्या शुद्धीचा छंद आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्रजीत तर तो इतका पुढे गेला की लोकांनी त्यातून एक आख्खी काल्पनिक भाषाच उभी केली. तिचं नाव अँग्लिश.

कल्पना अशी. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो. राज्यकर्ते फ्रेंच बोलू लागतात आणि फ्रेंच-लॅटिन शब्द इंग्रजीत लोंढ्याने येतात. समजा, विल्यम हरला असता तर? मग आजची इंग्रजी कशी असती? पॉल जेनिंग्ज या विनोदी लेखकाने १९६६ मध्ये, त्या लढाईला नऊशे वर्षं झाली तेव्हा, 'पंच' साप्ताहिकात असली इंग्रजी लिहून दाखवली आणि तिला अँग्लिश म्हटलं. १९८९ मध्ये पोल अँडरसन या अमेरिकन विज्ञानकथा-लेखकाने तर अणुसिद्धांतावर आख्खा लेख फक्त जर्मॅनिक कुळातल्या शब्दांत लिहिला. त्यात हायड्रोजन होतो 'वॉटरस्टफ', ऑक्सिजन होतो 'सावरस्टफ', आणि अणू होतो 'अनक्लेफ्ट', म्हणजे न फुटलेला. वाचायला धमाल येते, कारण शब्द नवे असूनही अडत नाहीत. पाणी, आंबट, फोडणं हे सगळं इंग्रज पोराला पाचव्या वर्षीच माहीत असतं.

त्याच्याही शंभरेक वर्षं आधी डॉर्सेटचा कवी विल्यम बार्न्स हे सगळं गंभीरपणे करत होता. व्याकरणाला तो 'स्पीचक्राफ्ट' म्हणायचा, बाळाच्या ढकलगाडीला 'पुश-वेनलिंग'. त्याला वाटायचं की लॅटिनचं ओझं काढलं तर शेतकऱ्याच्या पोरालाही शास्त्र कळेल. त्याचे शब्द चालले नाहीत, पण त्याचा हेतू लक्षात ठेवा. तो विद्वानांचे शब्द काढून शेतकऱ्याचे शब्द आत आणत होता.

आपले शुद्धीवाले नेमकं उलट करतात. 'जमीन' हा शेतकऱ्याचा शब्द आहे. 'कर्ज', 'हप्ता', 'जामीन', 'वारस' हेही त्याचेच. त्याची आख्खी जिंदगी या शब्दांत गेली. ते काढून 'भूमी', 'ऋण' आणायचं म्हणजे शेतकऱ्याला बाहेर काढून पंडिताला आत बसवणं. अँग्लिशवाले ज्या लॅटिनला कंटाळले, तिची आपल्याकडची जागा संस्कृतची आहे. आपल्याला वाटतं आपण अँग्लिशसारखं काहीतरी करतोय. प्रत्यक्षात आपण त्या खेळातल्या नॉर्मनांच्या बाजूने खेळतोय.

कुठली तारीख धरायची?

शुद्धीच्या प्रत्येक खेळाला एक तारीख लागते. तिच्याआधी जे आलं ते घरचं, नंतर आलं ते परकं. अँग्लिशची तारीख १०६६. पण मग 'स्ट्रीट' आणि 'वाइन' हे लॅटिन शब्द घरचे ठरतात, कारण ते तारखेच्या आधी आलेले. गोत्र बघायचं ठरवलेला माणूस इथे गुपचूप वय बघायला लागतो.

मराठीची तारीख कोणती? फारसी येण्याआधीची? चला, जाऊ मागे. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहार राजांच्या काळातलं. तेव्हा कोकणात फारसीचा वारा नव्हता. अलिबागजवळच्या आक्षीचा मराठी शिलालेख तर १०१२ सालचा मानतात. ती झाली तुमची शुद्ध मराठी. वाचून दाखवा. त्या काळची मराठी आजच्या बदलापूरच्या माणसाला शिकवणी लावल्याशिवाय कळायची नाही. भाषा जितकी मागे न्याल तितकी ती शुद्ध होत नाही. फक्त आपली राहत नाही.

आणि मागे तरी किती जायचं? 'केंद्र' घ्या. सेतू केंद्र, लसीकरण केंद्र, परीक्षा केंद्र. इतका सोवळा दिसणारा शब्द, पण तो ग्रीक 'केंट्रॉन'वरून ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. 'होरा' ग्रीक. 'पुस्तक' इराणी भाषांतून आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि 'लिपी'? जुन्या फारसीतल्या 'दिपि'वरून. अशोकाच्या वायव्येकडच्या शिलालेखांत तो अजून 'दिपि' असाच दिसतो. सावरकरांनी भाषाशुद्धीबरोबर लिपीशुद्धीचीही चळवळ केली. त्या चळवळीच्या नावातच एक जुना इराणी पाहुणा बसलेला आहे.

व्हिडिओ म्हणायचं नाही म्हणून आपण 'चित्रफीत' म्हणतो आणि भाषा वाचवल्याचं समाधान घेतो. 'फीत' पोर्तुगीज आहे. इंग्रजाला हाकलायला आपण पोर्तुगिजाची मदत घेतली. वसईच्या इतिहासात हे चित्र बसलं असतं, शुद्धीच्या यादीत बसत नाही.

घडवलेले शब्द: काही जगले, काही मेले

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. घडवलेले शब्द सगळेच हास्यास्पद असतात असं नाही.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करून घेतला. हजाराहून अधिक फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय. पेशवा झाला पंतप्रधान, मुजुमदार झाला अमात्य, सुरनीस झाला सचिव, सरनोबत झाला सेनापती. दरबाराची भाषा कुणाच्या धाकात चालणार नाही, हा त्यामागचा राजकीय निश्चय मोठाच होता. पण पुढे काय झालं? पुण्यात शंभर वर्षं ज्यांनी कारभार केला त्यांना महाराष्ट्र पेशवे म्हणूनच ओळखतो. कोश राजाचा होता, तरी लोकांनी जुना शब्द सोडला नाही. आणि गंमत अशी की कोशातला 'पंतप्रधान' मेलाही नाही. तो थांबला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर दिल्लीतल्या खुर्चीसाठी मराठीने तोच उचलला.

सावरकरांच्या नावावर असलेले 'महापौर', 'दिग्दर्शक', 'हुतात्मा' आज सगळ्यांचे झालेत. उल्हासनगर महापालिकेत महापौर बसतो तेव्हा तो शब्द कुणी शोधला हे कुणी विचारत नाही. पण फाउंटन पेनसाठी त्यांच्याच नावावर असलेला 'झरणी' गेला. गोड शब्द होता, झरणाऱ्या शाईचा. जवळचा, सोपा, तरी गेला, कारण 'पेन' आधीच खिशात होता. रिकाम्या जागेत शब्द घालता येतो. बसलेल्याला उठवून घालणं कठीण.

माधव जूलियन यांचंही उदाहरण बोलकं आहे. फारसीचे प्राध्यापक, १९२५ चा फारसी-मराठी कोश त्यांचा, आणि पुढे हेच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. ज्याला फारसी सगळ्यात जास्त येत होती त्याला ती गाळावीशी वाटली. मी त्यांना हसत नाही. पण ज्याला दोन्ही बाजू पाठ आहेत त्यानेच गाळणं करावं, हा खेळ विद्वानाचा आहे. तो बी विंगमधल्या मुलाच्या हाती दिला की वॉचमनकाकांचा अपमान होतो.

राज्य झाल्यावर शासनाने पदनाम कोश काढला. अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटलं. तरी त्यातले किती शब्द आज सहज तोंडात आहेत आणि किती फक्त कार्यालयाच्या पाटीवर, हे तुम्हीच मोजा. आणि 'भ्रमणध्वनी'? तो लग्नपत्रिकेत जगतो. कुणी आईला 'माझा भ्रमणध्वनी कुठाय' असं विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

याच्या शेजारी लोकांनी घडवलेले शब्द ठेवा. कल्याणच्या पुढे खोपोलीपर्यंत रेल्वे गेली १८५६ मध्ये. ती पाहणाऱ्याने तिला 'आगगाडी' म्हटलं. आगीवर चालते, गाडी आहे, संपलं. समुद्रात 'आगबोट', अर्धा शब्द घरचा, अर्धा इंग्रजी, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पाण्यात बुडी मारते ती 'पाणबुडी'. दोन चाकांची 'दुचाकी'. अंबरनाथच्या विम्को कारखान्यात वर्षानुवर्षं जी बनत होती ती 'काडेपेटी'. कुणी तिला अग्निशलाकामंजूषा म्हणायला गेलं असतं तर चूल पेटायला संध्याकाळ झाली असती.

हे शब्द आपले खरे अँग्लिश आहेत. त्यांना कोश लागला नाही, समिती लागली नाही. आइसलँडवाल्यांनी १९६५ च्या सुमारास कॉम्प्युटरसाठी 'टोल्व्हा' हा शब्द केला: 'आकडा' आणि 'भविष्य सांगणारी बाई' या त्यांच्या दोन जुन्या शब्दांची जोडी. तो चालला, कारण तो त्यांच्या जिभेतून आणि त्यांच्या व्याकरणातून सरळ जातो. शुद्धी यशस्वी होते तिथे तिचं कारण गोत्र नसतं, वळण असतं.

खरी परीक्षा: शब्द वळतो का?

आता मागच्या दाराकडे येऊ.

जुन्या मराठीने परके शब्द नुसते घेतले नाहीत, पचवले. 'बदल' घेतला आणि 'बदलणे' केलं. 'खर्च' घेऊन 'खर्चणे', फारसीतून 'आजमावणे', 'नवाजणे', 'फर्मावणे', 'शरमणे'. परक्या शब्दाला 'णे' लावून त्याला मराठी क्रियापद करून टाकलं. फारसी प्रत्यय उचलले आणि घरच्या शब्दांना लावले: पाणीदार, भांडखोर, बेचव, बेभान, गैरसमज. 'बेभान'मधला 'बे' काढून दाखवा, शब्द मरतो. 'हवामान'मध्ये हवा अरबी आणि मान संस्कृत, आणि पावसाचा अंदाज तरी त्यावरच चालतो.

इंग्रजी आणि पोर्तुगीज शब्दांचंही तेच केलं. हॉस्पिटलचं 'इस्पितळ', प्लॅटूनचं 'पलटण', बटनचं 'बटण'. ज्या आवाजांची जीभ मराठी, ते 'ळ' आणि 'ण' आपण त्यांच्या तोंडात घातले. अनेकवचनं आपली: बँका, कंपन्या, फायली, नोटा, मोटारी. सामान्यरूपं आपली: टेबलावर, कोर्टात, बँकेत.

आणि आता एक शब्द असा, जो तुम्ही दिवसातून पन्नासदा वापरता. इंग्रजी 'रील' आपल्याकडे पूर्वीच आला होता. दोऱ्याचं रीळ. सिनेमाची रिळं. बघा काय केलं लोकांनी: 'ल'चा 'ळ' केला, त्याला नपुंसकलिंग दिलं, अनेकवचन दिलं, 'रिळात', 'रिळाला' अशी रूपं दिली. तोच शब्द आता फोनमधून पुन्हा आला, आणि आपण म्हणतो 'रील्स'. 'रील्समध्ये'. 'रील्स बघत होतो'. तोच परका शब्द, तेच गोत्र. पहिल्यांदा मराठीने त्याला गिळलं, दुसऱ्यांदा त्याच्याबरोबर त्याचं व्याकरणही घरात आलं.

सामान चाललंय म्हणतो ते हे. 'फाइल' आल्याने काही गेलं नाही. 'फायली'चं 'फाइल्स' झालं तेव्हा गेलं. 'ऑफिसात'चं सरसकट 'ऑफिसमध्ये' होतं, 'चार फोटो'चं 'फोटोज' होतं, आणि नव्या प्रत्येक क्रियेला 'करणे' चिकटवून आपण सुटतो: डाउनलोड करणे, स्क्रोल करणे, ब्लॉक करणे. 'बदलणे' करणारी जीभ आता 'स्क्रोलणे' म्हणायला लाजते. म्हणून बघा एकदा. 'रात्रभर स्क्रोलत बसलो होतो.' विचित्र वाटतं? 'खर्चणे'ही एके दिवशी पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं असेल, आणि ऐकणारा हसला असेल.

माझं काम सॉफ्टवेअरचं. ॲपच्या मराठी आवृत्तीतले शब्द कधीमधी तपासायला येतात. तिथे हे रोज दिसतं. 'रद्द करा' या बटणाला कुणीच हरकत घेत नाही, 'रद्द' अरबी असूनही. 'जतन करा' सुंदर आहे. आजीने लोणच्याची बरणी जतन करावी तशी फाइल जतन होते. पण 'तीन फाइल्स निवडल्या' असं आलं की कुणाची भुवई उंचावत नाही, आणि मी 'तीन फायली' केलं की मीच गावठी ठरतो.

दोन वाक्यं शेजारी ठेवतो.

"फाइल टेबलावर ठेवा, साहेब आले की सही घेतो."

"आपला दूरध्वनी आमच्यासाठी अत्यंत महत्त्वपूर्ण आहे."

पहिल्यात फाइल आणि टेबल इंग्रजी, साहेब आणि सही अरबी. नामांपैकी एकही घरचं नाही. तरी कुठल्याही कचेरीतला शिपाई हे वाक्य रोज म्हणतो, आणि याहून मराठी वाक्य मला सुचत नाही. दुसऱ्यात परका शब्द एकही नाही, आणि वाक्य पहिल्या अक्षरापासून इंग्रजी आहे. फक्त धोतर नेसून आलंय. मराठी माणूस फोन घेतल्यावर असं बोलत नाही. तो म्हणतो, 'जरा थांबा हं, लगेच बघतो.'

शुद्धीच्या यादीत दुसरं वाक्य पास होतं आणि पहिलं नापास. जी परीक्षा असा निकाल देते ती परीक्षाच रद्द करायला हवी.

'म्हणजे काहीही चालेल?'

नाही. कुणी म्हणेल, फारसी तलवारीबरोबर आली, इंग्रजी बंदुकीबरोबर. परके शब्द म्हणजे गुलामीच्या खुणा. त्यात तथ्य आहे. शब्द सत्तेमागून चालतात. पण खुणा पुसून सत्ता पुसली जात नाही. इंग्रजीची सत्ता 'टेबल' या शब्दात नाही. मुलाखतीत मराठी माध्यमाच्या मुलाची जीभ जड होते, तिथे ती आहे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला एकही तांत्रिक गोष्ट मराठीत समजावली गेली नाही, तिथे ती आहे. हे बदलायला कष्ट आहेत, पैसा आहे, पुस्तकं लिहिणं आहे. त्यापेक्षा वॉचमनकाकांना 'जमीन नाही, भूमी' सांगणं स्वस्त पडतं.

आणि या स्वस्त शौर्याची किंमत कोण भरतं? आमच्या पट्ट्यात माणसं सगळीकडून आलीत: कोकण, खानदेश, मराठवाडा, घाटावरचा देश. इथले मूळचे आगरी. आगरी पोर 'पाणी'ला 'पानी' म्हणतं. शाळेत त्याला हसतात, ग्रुपवर त्याला दुरुस्त करतात. एकीकडून इंग्रजी येत नाही म्हणून लाज, दुसरीकडून मराठीही शुद्ध नाही म्हणून लाज. मग ते पोर एक सोपा मार्ग काढतं: हिंदीत बोलतं. तिथे कुणी त्याची परीक्षा घेत नाही. शुद्धीने मराठीतून फारसी शब्द किती गेले ठाऊक नाही, माणसं मात्र जातात.

उल्हासनगरकडे बघा

हे घाबरवण्यासाठी म्हणत नाही. पुढच्याच स्टेशनावर घडलेलं आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवली गेली. १९४९ मध्ये त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं, शेजारच्या नदीवरून. लोक आजही पत्ता सांगताना 'कॅम्प चार' म्हणतात; तेही चालतं.

या माणसांनी आपली भाषा पाठीवर आणली होती. ती जपायला संस्था निघाल्या, शाळा निघाल्या. १९६७ मध्ये सिंधी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. आणि याच काळात जाणत्या लोकांत मोठा वाद चालला होता: सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहायची की देवनागरीत? दोन्ही बाजूंना विद्वान होते, दोन्हींचे मुद्दे खरे होते. पण माझ्या वर्गातली सिंधी मुलं आजीशी सिंधीत बोलायची, आईशी अर्धी सिंधी अर्धी हिंदी, आणि आपसात पूर्ण हिंदी. आता त्यांची मुलं आजीशीही हिंदीच बोलतात. भाषा कुठल्या कपड्यात शोभते यावर मोठी माणसं भांडत राहिली. तेवढ्यात घरातलं मूल दुसरंच काही बोलायला लागलं. लिपीच्या वादानेच हे झालं असं मी म्हणत नाही. देश गेला, प्रांत गेला, हे त्याहून मोठं कारण आहे. पण सिंधी परक्या शब्दांनी संपत नाहीये. मुलाशी बोलली जात नाही म्हणून संपतेय.

त्याच उल्हासनगरचा एक विनोद आख्ख्या मुंबईला माहीत आहे. मालावर 'मेड इन यूएसए' लिहितात, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. लोक हसतात, पण जीन्स घेताना लेबल वाचत नाहीत. शिवण ओढून बघतात. बरं, जीन्स हा शब्द इटलीच्या जेनोआवरून आला, डेनिम फ्रान्सच्या नीमवरून, आणि डंगरी? ती आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून. डोंगरीचं जाडंभरडं कापड जहाजात बसून गेलं आणि इंग्रजी कोशात जाऊन बसलं. इंग्रजाने तिचं गोत्र विचारलं नाही. अनेकवचनाचा 'ज' लावला, डंगरीज केलं आणि घालायला सुरुवात केली.

आपणही तेच करायचे. आता पुन्हा करू. पुढच्या वेळी कुणी शब्दांची यादी पाठवली तर शब्दाचा बाप कोण ते विचारू नका. त्याला 'ला' लावून बघा, 'त' लावून बघा, अनेकवचन करून बघा, 'णे' लावून बघा. वळला तर तो आपला. वळत नसेल तर दोष बहुधा शब्दाचा नसतो. आपण त्याला वळवायला लाजतोय. ती लाज आधी सोडा. आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्याशी मराठीत बोला, 'जमीन' म्हणा, 'पगार' म्हणा, 'टेबलावर ठेव' म्हणा, त्याने 'पानी' म्हटलं तर पाणी द्या.